दिव्याच्या खोलीतला मेंदू

माझ्या मेव्हण्याने दिवाळी अंक काढायचं मनावर घेतलं, आणि त्याच्याकडे कवितांचा ढीग पडला. गद्य कुणी देईना. शेवटी त्याची नजर घरातल्या माणसांकडे वळली आणि माझ्यावर येऊन थांबली. "भावजी, तुमच्या नोकरीवर लिहा," तो म्हणाला, "फक्त कोंबड्यांवर नको." आता मी उमेदीची सगळी वर्षं बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका हॅचरीत सुपरवायझर म्हणून काढली. त्यातून कोंबड्या वगळायच्या तर उरतं काय? अंडी उरतात. आणि आमच्या दिव्याच्या खोलीत बसणाऱ्या चार बायका उरतात. त्यांच्याबद्दलच लिहितो. त्यांच्यावरून हॅचरीत जे प्रकरण झालं त्यात मला काय समजलं, असं बायको अजून मधूनमधून विचारते. मीही विचारतो. उत्तर दोघांनाही मिळालेलं नाही.

आधी धंदा सांगतो. हॅचरीत कोंबडी नसते, हे पाहुण्यांना पटवताना माझी जीभ झिजली. कोंबड्या दुसरीकडे असतात, अंडी आमच्याकडे येतात. कोंबडी पोटाखाली घेऊन जी ऊब देते ती आम्ही विजेवर चालणाऱ्या मोठ्या कपाटांतून द्यायचो. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येतं, आणि पोल्ट्रीवाले खोकी भरून घेऊन जातात. ऐकायला सोपं आहे. पण हे काम थांबवता येत नाही. इंदापूरकडचे एक तात्या आमचं जुनं गिऱ्हाईक होते. एकदा त्यांची पिल्लं नेमकी अमावास्येला निघाली. तात्या टेंपो घेऊन आले, पण पिल्लांना हात लावीनात.

"आजचा दिवस दाबून धरा की," ते म्हणाले.

"तात्या, ती बाहेर आली. आता कशी दाबू?"

"मग परत जरा थंड करा मशीन."

तासभर वाद झाल्यावर त्यांनीच मार्ग काढला. पावती जावयाच्या नावाने करायला लावली. "अमुशा लागली तर त्याला लागंल," म्हणाले आणि समाधानाने पिल्लं घेऊन गेले.

तर अंडी मशिनात घातल्यावर आठ-दहा दिवसांनी ती दिव्यावर धरून बघावी लागतात. याला इंग्रजीत कँडलिंग म्हणतात. आमच्या बायका त्याला नुसतं 'दिव्यावर धरणं' म्हणायच्या. खोलीत पूर्ण काळोख. प्रत्येकीपुढे एक लाकडी खोकं, त्याच्या आत बल्ब आणि वर अंड्याच्या बुडाएवढं भोक. अंडं भोकावर ठेवायचं, किंचित फिरवायचं. आत सगळा केशरी उजेड पडतो. मध्ये कोळ्यासारखा ठिपका आणि त्याला फुटलेल्या बारीक लाल शिरा दिसल्या, ठिपका हलला, की ते जिवंत. ते ट्रेमध्ये परत. नुसताच उजेड दिसला तर ते कोरं. ठिपका काळा पडून चिकटलेला असेल तर मेलेलं. ही दोन्ही बादलीत. मेलेलं आत राहिलं तर सडतं आणि कपाटात फुटतं, मग आजूबाजूच्या पिल्लांचं काही खरं नाही. उलट जिवंत अंडं बादलीत गेलं तर एक जीव गेला. एका अंड्याला एक श्वास लागतो तेवढा वेळ. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मी स्वतः हे काम करून पाहिलं आहे. अर्ध्या ट्रेनंतर मला सगळी अंडी जिवंत दिसायला लागली, अजून थोड्या वेळाने सगळी मेलेली, आणि शेवटी अंड्यात आमच्या थोरल्या साडूंचा चेहरा दिसला तेव्हा मी उठलो.

या कामात हौसाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. हौसाबाई जळोचीची. सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता थोडी शेती, थोडी मजुरी. वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढी, बोलणं कमी. हॅचरी सुरू झाली तेव्हापासून तिची जागा ठरलेली, भिंतीकडची. तिच्या शेजारी चंद्राबाई. ती हौसाबाईच्या वाटचंही बोलायची. आणि समोर पिंपळीच्या दोघी जावा. या जावांचं घरी एकमेकींशी पटायचं नाही. पण काळोखात बसलं की त्याच दोघी घरची सगळी भांडणं एकमेकींना अशी सांगायच्या, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घरात झाली.

एका वर्षी, थंडी सरता सरता, निकाल बिघडायला लागला. आमचा एक नियम होता. आठवड्यातून एकदा, त्या दिवशी बादलीत टाकलेली अंडी फोडून बघायची, म्हणजे चूक कळते. चौघींच्या बादल्या वेगळ्या होत्या. फोडली तर एका बादलीत जिवंत निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघाली. बादली निळी होती. निळी बादली हौसाबाईची.

आमचे मालक म्हणजे आबा. ऊस मोडून कोंबडीत आलेला माणूस. त्यांची सगळी भावकी कारखान्याची सभासद. ती त्यांना अजून हसायची, त्यामुळे आबांना धंदा बुडवून चालणार नव्हतं. टेबलावर दोन फोन, दोन्ही सारखे वाजायचे. दोन्हीकडे एकदम बोलता बोलता त्यांनी मला समोर बसवलं.

"मधुकरराव, त्या बाईचं काय करायचं?"

"आबा, जुनी बाई आहे. थकली असेल."

"थकली तर घरी बसूदे. मी वाईट माणूस न्हाय. पर हितं जित्या जिवाचा मामला हाय. ह्यो म्हैना बगा. हात सुधरला तर ऱ्हाईल, न्हायतर दुसरी बाई आना." मग एका फोनमध्ये, "तुमाला न्हवं वो, तुमी बोला," असं म्हणून त्यांनी मला हाताने जायला सांगितलं.

हौसाबाईला हे मी सांगायच्या आधीच कळलं होतं. काळोखात बातमी लवकर पोचते. ती एवढंच म्हणाली, "हितनं काढलं तर मी जाऊ कुठं, साहेब?" मला वाटलं ती पगाराबद्दल बोलते आहे.

नेमकं त्याच सुमारास बारामतीत सुपरवायझर लोकांसाठी दोन दिवसांचं एक शिबिर होतं. विषय होता मेंदू, एकाग्रता आणि कामाचा उरक. पुण्याहून डॉक्टर येणार होते. आबांनी मला पाठवलं. म्हणाले, "चहा-नाष्टा फुकट हाय म्हनं, मेंदू बी मिळतोय का बगा."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी प्लास्टरचा एक मेंदू आणला होता, त्याचे तुकडे सुटे व्हायचे. एकेक तुकडा त्यांनी हातोहात फिरवला. सगळे गोळा करून मेंदू परत जोडला, टाळ्या झाल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की एक तुकडा माझ्या मांडीवर राहिला आहे. तो नेमका लक्ष देण्याचा भाग निघाला.

डॉक्टर म्हणाले की कपाळामागचा हा भाग लक्ष धरून ठेवतो, आणि तो दमतो. हात दमला की कळतं, हा दमलेला कळत नाही. मेंदू एका वेळी दोन कामं करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत थोडं सांडतं. तीच ती गोष्ट सारखी बघितली की मेंदू ती आपल्याला कळवणं बंद करतो. आपल्याला वाटतं आपण बघतोय, पण आत कुणी बघतच नसतं. म्हणून अधूनमधून विश्रांती हवी. ती मिळाली नाही आणि वर मनाला ओझं असलं, तर चांगला कामाचा माणूसही आतून जळून जातो. याला त्यांनी बर्नआऊट म्हटलं. माझ्या शेजारी सूतगिरणीचे एक सुपरवायझर होते. ते हळूच म्हणाले, "आमच्याकडं ह्याला माजलाय म्हणत्यात."

घरी येऊन मी जेवताना बायकोला सगळं समजावलं. "कपाळाच्या मागे एक भाग असतो. माणूस लक्ष देतो ते त्याच्यामुळे."

"तुमचा बसवायचा राहिला का?" ती म्हणाली. "मगाशी तिसऱ्यांदा विचारलं, भाजी वाढू का."

दुसऱ्या दिवशी मी शास्त्र लावायला घेतलं. मेंदू दोन कामं करत नाही आणि आमच्या बायका तर दिवसभर बोलतात. रोग सापडला! बारामतीच्या पेंटरकडून पाटी करून आणली. 'मौन पाळा. लक्ष वाढवा.' निळ्यावर पांढरी अक्षरं. खोलीत खिळा मारून लावली आणि सगळ्यांना समज दिली. आठवडाभर खोलीत स्मशानशांतता. मी दाराशी कान लावून खूश. आठवड्याने अंडी फोडली, तर आता चारही बादल्यांत जिवंत निघाली.

मला काही कळेना. चंद्राबाईला विचारलं तर ती तडकली. "साहेब, आमी बगतो डोळ्यानं. तोंडाचा काय संबंध? बोलत असलं की घर इसरतंय. गप बसवलंत की समदं घर येऊन मांडीवर बसतंय. मग अंडं कुठं ठेवू?"

हे मी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटी कुठं लावलीत?"

"खोलीत."

"काळोखात?"

पाटी काढली. पुढे ती उलटी करून पिल्लांच्या खोक्यांवर झाकायला वापरली.

बोलणं चालू झालं, तीन बादल्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या. निळी मात्र तशीच. मग मी विश्रांतीकडे वळलो. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला बायकांनी काम थांबवून बाहेर लिंबाखाली बसायचं, चहा घ्यायचा, लांब उसाकडे बघायचं आणि मग ताजं होऊन आत जायचं. बायका पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाल्या. पिंपळीच्या धाकट्या जावेने तर घरून चिवडा आणला. आठवड्याने अंडी फोडली. निकाल मौनापेक्षाही वाईट.

खरं सांगतो, त्या दिवशी मला डॉक्टरांकडे ते पैसे परत मागावेत असं वाटलं, जे मी दिलेच नव्हते. मौन ठेवलं तरी बिघडतं, सुट्टी दिली तरी बिघडतं. मग मेंदूला हवं तरी काय?

उलगडा झाला तो माझ्या नडगीमुळे. एका दुपारी सुट्टी संपवून बायका आत गेल्या, आणि काहीतरी सांगायला मीही लगेच त्यांच्या मागे गेलो. बाहेर रणरणतं ऊन. आत पाऊल टाकलं आणि ट्रेच्या गाड्यावर नडगी अशी आपटली की मी खालीच बसलो.

"कोन पडलं?" चंद्राबाईचा आवाज आला.

"मी आहे. मला काही दिसत नाही."

"आमाला तरी कुठं दिसतंय? उनातनं आलं की लई येळ नुसतं काळंनिळं दिसतंय."

"मग तुम्ही अंडी कशी बघता?"

"बगत न्हाय. हात चालवतो. सुट्टी संपली की लगी कामाला लागायचं, तुमीच सांगितलंय न्हवं?"

म्हणजे मी त्यांना दिवसातून तीनदा आंधळं करत होतो, आणि चहा पाजून करत होतो.

नडगी चोळत मी नवा हुकूम काढला. सुट्टी घ्यायची, पण खोलीतच. दिवे बंद करायचे आणि काळोखात नुसतं बसायचं. बोला, गप बसा, भिंतीला टेका. डोळ्यांची सवय मोडत नाही आणि मेंदूला आराम मिळतो. हे मात्र लागू पडलं. तीन बादल्या स्वच्छ झाल्या, पूर्वी कधी नव्हत्या इतक्या. विश्रांतीमुळे झाल्या, बोलण्यामुळे झाल्या, की मी त्यांच्यात लुडबूड करायचं थांबवल्यामुळे झाल्या, हे मला सांगता येणार नाही. आणि चौथी, निळी बादली, जशीच्या तशी. महिना सरत आला होता.

मी हौसाबाईला बाहेर बोलावून विचारलं, "नजर कमी झाली का? चष्मा करू या?"

"नजर हाय वो साहेब. शिरा दिसत्यात, ठिपका दिसतोय. पर ते जितं हाय का न्हाय ह्ये डोक्यात पोचायच्या आत हात अंडं टाकून मोकळा होतोय. मग मागनं वाटतंय, अगं बाई, हाललं व्हतं का? तवर फुडचं हातात." मग म्हणाली, "डोळं मिटलं तरी अंडीच दिसत्यात. येकामागं येक. भाकरी थापते तर ती बी दिव्यावर धरावी वाटती."

हे ऐकून मी घाबरलो. हे तर डॉक्टरांच्या भाषणातलं जसंच्या तसं होतं, फक्त सोप्या भाषेत. दोन्ही फोन आबांनी अडवलेले, म्हणून मी तडक एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना पूर्ण विश्रांती द्या. काही दिवस कामापासून लांब राहू द्या." बूथमधल्या मीटरचे लाल आकडे माझ्या डोळ्यांपुढे पळत होते. मी "बरं, बरं, आभारी आहे" म्हणून फोन ठेवला. ठेवता ठेवता डॉक्टर पलीकडून "मात्र घरी त्यांना..." असं काहीतरी म्हणत होते. ते मला मीटरमुळे ऐकायचं सुचलं नाही.

आबांकडे पगारी रजा मागितली. "जिती अंडी फेकली म्हनून बक्षीस व्हय?" ते म्हणाले. पण एक फोन वाजला, मग दुसरा, आणि त्या गडबडीत त्यांनी आठवड्याची रजा मंजूर केली. "आल्यावर मी सोता येऊन बगनार," एवढं मात्र बजावलं. मी हौसाबाईला सांगितलं, "घरी जा, झोपा, काही करू नका." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी कोऱ्या अंड्याकडे बघायची.

आठवडा व्हायच्या आतच ती दारात उभी. डोळे खोल गेलेले, हात काळे पडलेले.

"काय झालं? झोपलात का नाही?"

"कुठली झोप! दीर म्हनला, वयनी रिकामीच हाय तर कांदा काढून घिऊ. सासूबाई म्हनल्या, रिकामीच हाय तर गोधड्या धुवून घिऊ. नणंद म्हनली, तू घरीच हायेस तर मी चार दिस ऱ्हायाला येते. ती पोरं घिऊन आली." ती पायरीवर बसली. "साहेब, माझी रजा मोडा. पर लगी काम नका देऊ. मला आत नुसतं बसू द्या. आत मला कोन हाक मारत न्हाय."

तेव्हा कुठे मला कळलं की 'मी जाऊ कुठं' म्हणताना ती पगाराबद्दल बोलत नव्हती.

मग आमच्या हॅचरीत असा प्रकार सुरू झाला की रजेवरची बाई रोज वेळेवर यायची, आपल्या जागेवर बसायची आणि काहीही करायची नाही. हजेरीला काय मांडायचं, मला आजही कळलेलं नाही. तिचे ट्रे बाकीच्या तिघींनी आपसांत वाटून घेतले. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही मला विचारलं नाही. पहिले काही दिवस ती भिंतीला डोकं टेकून सरळ झोपायची. मग जागी राहून ऐकायला लागली. मग एक दिवस मी दाराबाहेरून चालताना आतून हसण्याचा आवाज आला आणि तो ओळखीचा वाटेना. चंद्राबाईने नंतर सांगितलं की ती हौसाबाई होती. इतक्या वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. आणखी दोन-चार दिवसांनी तिने आपणहून खोक्यातला बल्ब लावला आणि एक अंडं धरलं. बराच वेळ धरून ठेवलं म्हणे. मग ट्रेमध्ये ठेवलं आणि दुसरं घेतलं.

आणि त्याच आठवड्यात आबा आले.

जीपमधून उतरले तेच तापलेले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हॅचरीत एक बाई झोपायचा पगार घेते. "कुठं हाय ती?" म्हणत ते थेट दिव्याच्या खोलीत घुसले. मागे मी. अर्थात आत गेल्यावर त्यांना काहीच दिसेना. चाचपडत ते एका स्टुलावर बसले.

"हौसाबाई कोन?"

"मी हितं हाय, आबा," भिंतीकडून आवाज आला.

"आज तू माज्यासमोर काम करायचं. मी हितनं हालनार न्हाय. समदं झालं की तुझी टाकलेली अंडी माज्यासमोर फोडायची. येक जरी जितं निगालं, तर उद्यापासनं येऊ नगं. मधुकरराव, तुमी बाहीर थांबा. तुमी तिला खुनावशिला."

मी काळोखात कशा खुणा करणार होतो, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी बाहेर जाऊन दारापाशी उभा राहिलो. आत ट्रे सरकल्याचे आवाज येत होते. मग चंद्राबाईची कुजबुज. ती कुणाच्या तरी लग्नातली पंगत सांगत होती, कुणाच्या ताटात काय पडलं आणि कोण रुसलं. मधूनच आबांचं "हं." मग पुन्हा पंगत. फोनची खोली तिथून लांब होती. दोन्ही फोन आळीपाळीने वाजत होते, पण आत ते ऐकू जात नसावेत. थोड्या वेळाने "हं" येणं बंद झालं. आणखी थोड्या वेळाने एक नवा आवाज यायला लागला. एखादी जड गाडी मुरमावरून हळूहळू ओढावी तसा. मला आधी वाटलं मशीन बिघडलं. मी धावत जाऊन पाहून आलो. मशीन ठीक होतं.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. आबा बाहेर आले. चेहरा लग्नात पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा. टोपी एका बाजूला गेलेली, गालावर भिंतीचा चुना. मला बघून त्यांनी चेहरा पुन्हा कडक केला.

"आना बादली!"

चंद्राबाई बादली घेऊन आली. एकच. मोठी, कपडे धुवायची असते तसली. निळी नाही, तिची लाल नाही, जावांच्याही नाहीत. चौघींची टाकलेली सगळी अंडी त्या एकाच बादलीत.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"फोडा," आबा म्हणाले.

मी एकेक अंडं बशीत फोडत गेलो. कोरं. कोरं. मेलेलं. कोरं. हौसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. बादलीचा तळ दिसायला लागला तसा मला जरा धीर आला. आणि अगदी शेवटी शेवटी एक अंडं फुटलं, आणि बशीत तो ठिपका धडधडत होता.

आबा वाकून बघत राहिले.

"ह्ये कुनाचं?"

हौसाबाईने तोंड उघडलं, पण तिच्या आधी चंद्राबाई बोलली.

"कुनाचं ते कसं सांगावं, आबा? बादली येकच व्हती."

"तिची निळी बादली कुठं गेली? अदुगर येगळ्या व्हत्या न्हवं?"

"आज अंधारात सापडली न्हाय."

"हौसाबाईनं टाकलं का न्हाय, ह्ये शेजारी बसून तुला दिसलं न्हाय?"

"अंधारात कुनाला काय दिसतंय, आबा? तुमी तासभर घोरत व्हता, ते बी आमाला न्हाय दिसलं."

आबांनी चंद्राबाईकडे बघितलं, बशीकडे बघितलं, मग गालावरचा चुना हाताने पुसला. तो हाताला लागला तसा त्यांनी तो हात बराच वेळ उलटसुलट करून बघितला.

"तासभर?" ते मला म्हणाले.

"आबा, मी बाहेर होतो. तुम्हीच सांगितलं होतं."

"फोन वाजलं न्हाईत?"

"वाजले. दोन्ही."

"मला येक बी ऐकू न्हाय आला," ते म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. कुठलीतरी हरवलेली गोष्ट त्यांना सापडल्यासारखी वाटत होती आणि ती आपली आहे की दुसऱ्याची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ते जीपकडे निघाले. अर्ध्यातून वळून म्हणाले, "त्या स्टुलाला पाठ न्हाय. पाठीची खुर्ची ठेवा तितं." आणि गेले. हौसाबाईचं काय करायचं, हे ते बोललेच नाहीत. ना राहू दे म्हणाले, ना काढा.

नोकरी राहिली असं धरायचं का, हे मला कळेना. डॉक्टरांना विचारावं तर तिकडे पुन्हा ते मीटर. संध्याकाळी बायका घरी निघाल्या. हौसाबाई जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"साहेब, उद्या येऊ न्हवं?"

"या की."

"कामाला का बसायला?"

कपाळामागचा तो भाग माझा तरी त्या क्षणी रिकामाच होता. "तुम्हीच ठरवा," मी म्हणालो.

तिने एकदा खोलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर खांद्यावर घेतला.

"मग कामालाच येते," ती म्हणाली. "बसायला तुमी हायसा की."